वर्कशॉपच्या सॉफ्टवेअरमध्ये कामगारांची कौशल्यं आणि ताशी दर कसे भरावेत

नवं सॉफ्टवेअर बसवलं की सुरुवातीच्या दोन-चार दिवसांतच कामगारांचा फॉर्म समोर येतो. नाव, कोड, खातं, आणि खाली कुठेतरी एक रिकामा चौकोन : ताशी दर. बहुतेक जण पगाराला तासांनी भागतात, आलेला आकडा तिथे टाकतात आणि पुढच्या माणसाकडे वळतात. काही महिन्यांनी एखादं मोठं काम संपतं. सॉफ्टवेअर सांगतं नफा झाला, बँकेतली शिल्लक सांगते झाला नाही. मग शोधाशोध सुरू होते आणि फिरून फिरून त्याच चौकोनापाशी येऊन थांबते.

तो चौकोन आणि त्याच्या शेजारचा 'कौशल्यं' नावाचा टॅब नीट कसा भरायचा, ते इथे सांगतो. मशीन शॉप, फॅब्रिकेशन, गाड्यांची दुरुस्ती यांपैकी काहीही असलं तरी पद्धत तीच. एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा : ताशी दर हा एकट्या माणसाचा नसतो. कोण, कोणतं काम आणि कोणत्या तारखेला, हे तिन्ही ठरल्याशिवाय दराला अर्थ नाही. कौशल्याचंही तसंच. 'हा चांगला वेल्डर आहे' ही नोंद नव्हे. 'याने टिग वेल्डिंगने पातळ स्टेनलेस जोडलेलं फोरमनने अमुक तारखेला पाहिलं' ही नोंद.

आधी कागद, मग स्क्रीन

सॉफ्टवेअर बंद ठेवा. एका मोठ्या कागदावर डावीकडे माणसांची नावं लिहा आणि वरच्या बाजूला तुमच्याकडे होणारी कामं. यालाच कौशल्य तक्ता म्हणतात. तो फोरमनला घेऊन भरा, ऑफिसात एकट्याने नको. कोणाला लेथवर उभं केलं की जॉब परत येतो, हे ऑफिसला सहसा माहीत नसतं. फोरमनला ते तोंडपाठ असतं.

अडचण येते ती वरच्या ओळीत. कामं किती बारीक करायची? कोणी 'मशीनिंग' असा एकच रकाना करतो, कोणी ड्रिलच्या मापागणिक रकाना पाडतो. मी एक साधी कसोटी वापरतो : दोन कामांना नेहमी तीच माणसं चालत असतील, तर तो एकच रकाना. एखाद्या कामाला त्यांतला एक जरी माणूस चालत नसेल, तर रकाना वेगळा. या कसोटीने 'वेल्डिंग' आपोआप फुटून आर्क, मिग आणि टिग असे तीन रकाने होतात. सीएनसीचंही (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या यंत्राचंही) तसंच : तयार प्रोग्रॅम लावून जॉब काढणारा वेगळा, सेटिंग करणारा वेगळा आणि प्रोग्रॅम लिहिणारा वेगळा. तिघांच्याही नावापुढे 'सीएनसी' एवढंच लिहिलंत, तर रात्रपाळीला टूल तुटल्यावर काय होतं ते तुम्हाला लवकरच कळेल.

नावं एकदाच ठरवा आणि तीच ठेवा. एकाने 'टिग', दुसऱ्याने 'टिग वेल्डिंग', तिसऱ्याने 'आर्गॉन' (टिगमध्ये वापरतात तो वायू) लिहिलं, तर सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ती तीन वेगळी कौशल्यं झाली. शोध घेतला की तिघांपैकी एकच माणूस सापडतो.

पातळी कशी द्यायची

रकान्यात नुसतं 'हो' किंवा 'नाही' लिहून भागत नाही. मला पाच पायऱ्या सोयीच्या वाटतात. ० म्हणजे येत नाही. १ म्हणजे शिकतोय, हात लावताना कोणीतरी बाजूला हवं. २ म्हणजे काम करतो, पण पहिला नग दुसऱ्याने तपासायचा. ३ म्हणजे ड्रॉइंग हातात दिलं की परत बघावं लागत नाही. ४ म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. अनेक कारखान्यांत हेच आय, एल, यू, ओ या अक्षरांनी दाखवतात. आयची एक रेघ, एलच्या दोन, यूच्या तीन, आणि चौथी रेघ आली की चौकोन बंद होऊन ओ तयार होतो. भिंतीवर लावलेला असा तक्ता लांबूनही वाचता येतो, हा त्याचा खरा फायदा. ओडू या सॉफ्टवेअरमध्ये कौशल्याचा प्रकार, त्याखाली कौशल्यं आणि प्रत्येक पातळीला टक्केवारी अशी मांडणी असते, त्यामुळे या पायऱ्या तिथे सरळ बसतात. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये तीनच पायऱ्या असतील, तर ० आणि ४ सोडा, पण २ आणि ३ यांतला फरक मोडू नका. काम कोणाला द्यायचं हा प्रश्न रोज त्याच रेषेवर येऊन थांबतो.

माणसाने स्वतः सांगितलेली पातळी भरू नका. त्याने खोटं सांगितलंय म्हणून नव्हे. 'येतं' या शब्दाचा प्रत्येकाचा अर्थ वेगळा असतो म्हणून. ज्याने काम होताना पाहिलं त्याचं नाव आणि पाहिल्याची तारीख शेजारी लिहा. तारखेसाठी वेगळा रकाना नसेल तर शेऱ्यात लिहा. दोन वर्षं ज्याने ग्राइंडिंगला हात लावलेला नाही त्याच्यापुढचा ३ आज ३ राहिलेला असेलच असं नाही.

आणि पातळी पगाराला थेट बांधू नका. '४ मिळाला की पगार वाढतो' असं एकदा ठरलं, की तक्ता भरायला बसलेला फोरमन कौशल्य मोजायचं सोडून भांडण टाळायला लागतो. पगाराचा निर्णय वेगळ्या टेबलावर घ्या. तक्ता मात्र लपवू नका. प्रत्येकाला त्याची ओळ दाखवा. चुका तिथेच निघतात, आणि कोणाला काय शिकायचंय तेही कळतं.

प्रमाणपत्रं वेगळ्या कप्प्यात

कौशल्य आणि प्रमाणपत्र एकाच रकान्यात भरायची चूक सर्रास होते. कौशल्य हळूहळू गंजतं, प्रमाणपत्र एका तारखेला संपतं. वेल्डरच्या बाबतीत हे फार जाणवतं. आयएसओ ९६०६-१ या वेल्डरच्या पात्रतेच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे पात्र ठरलेला वेल्डर त्या मर्यादेत काम करत राहिला आहे, याला दर ६ महिन्यांनी जबाबदार माणसाची सही लागते. एएसएमई या अमेरिकी संस्थेच्या बॉयलर-संहितेच्या नवव्या विभागातही एखादी वेल्डिंग प्रक्रिया ६ महिने वापरलीच नाही, तर त्या प्रक्रियेपुरती पात्रता संपते. म्हणजे माणूस तोच, हात तोच, पण कागद मेलेला. शिवाय पात्रता कोणत्या स्थितीत दिली तेही महत्त्वाचं. ४५ अंशांत तिरक्या बांधलेल्या पाइपवर दिलेली ६जी चाचणी आणि सपाट प्लेटवरची १जी चाचणी यांत बरंच अंतर आहे. 'सर्टिफाइड वेल्डर' एवढ्याच नोंदीतून ते कळत नाही.

म्हणून प्रमाणपत्राला चार गोष्टी द्या : नाव, मर्यादा, मिळाल्याची तारीख, संपण्याची तारीख. संपण्याच्या एक-दीड महिना आधी इशारा येईल अशी सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते, ती चालू करा. प्रमाणपत्राची स्कॅन केलेली प्रत त्याच नोंदीला जोडा. आयएसओ ९००१ : २०१५ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाचं कलम ७.२ सक्षमतेचा लेखी पुरावा मागतं, तेव्हा ऑडिटरसमोर फायली उपसाव्या लागत नाहीत.

कामगार मास्टर : इथे फार वेळ घालवू नका

मास्टर म्हणजे सॉफ्टवेअरमधली कामगारांची मूळ यादी. कोड साधा ठेवा. एक्सेलमधून यादी आणणार असाल तर कोडचा रकाना आधीच 'टेक्स्ट' करा, नाहीतर ००७ चा ७ होतो आणि हजेरीच्या यंत्राशी मेळ बसत नाही. नावं देवनागरीत असतील तर फाइल 'सीएसव्ही यूटीएफ-८' या प्रकारात साठवा, नाहीतर सगळ्यांची नावं प्रश्नचिन्हं होऊन येतील. सोडून गेलेल्याला काढून टाकू नका, 'निष्क्रिय' करा, आणि त्याचा कोड नव्या माणसाला देऊ नका. जुनी जॉब कार्डं, म्हणजे प्रत्येक कामाची नोंदपत्रं, त्या कोडला बांधलेली असतात.

आता दर

दोन दर असतात. माणसाचा एक तास आपल्याला केवढ्याला पडतो तो खर्चाचा दर. गिऱ्हाइकाला त्या तासाचे किती लावतो तो बिलाचा दर. सॉफ्टवेअरमध्ये दोन्हींचे चौकोन शेजारी-शेजारी असतात आणि नावं फसवी असतात. ईआरपीनेक्स्ट या सॉफ्टवेअरमध्ये 'अ‍ॅक्टिव्हिटी कॉस्ट' नावाच्या नोंदीत कामगार आणि कामाचा प्रकार यांच्या जोडीला हे दोन्ही आकडे देता येतात. माणूस आणि काम यांची जोडी तिथे तयारच आहे.

खर्चाचा दर कसा काढायचा ते उदाहरणाने पाहू. आकडे सोयीसाठी घेतलेत, चलन कोणतंही धरा. एका फिटरचा वर्षाचा पगार २,४०,००० आहे. आठवड्याला ४८ तास, वर्षाचे ५२ आठवडे, म्हणजे २,४९६ तास. भागाकार केला की ९६.१५ येतात. बहुतेक जण चौकोनात हाच आकडा टाकतात, आणि तो चूक आहे.

पगाराशिवाय मालक त्याच्यासाठी आणखी काय भरतो? विमा, निवृत्तीसाठीचा वाटा, बोनस, कामाचे कपडे आणि बूट. हे सगळं वर्षाला ४८,००० धरू. एकूण झाले २,८८,०००. आता तास. आठवड्याला सहा दिवस म्हणजे वर्षाचे ३१२ दिवस. त्यांतून पगारी रजा आणि सुट्ट्यांचे ३० दिवस गेले, उरले २८२. दिवसाचे ८ तास धरले तर २,२५६ तास हजेरीचे. पण त्या ८ तासांत मधली सुट्टी आहे, साफसफाई आहे, क्रेन मोकळी होण्याची वाट पाहणं आहे, ड्रॉइंगमधली शंका विचारायला ऑफिसात जाणं आहे. प्रत्यक्ष जॉबवर साडेसहा तास पडत असतील, तर २८२ गुणिले ६.५ म्हणजे १,८३३ तास.

२,८८,००० भागिले १,८३३ म्हणजे १५७.१२. आधीच्या आकड्यापेक्षा साधारण ६३ टक्के जास्त. माणूस बदलला नाही, पगार बदलला नाही, फक्त भागाकार प्रामाणिक झाला.

इथे थांबून अकाउंट्स बघणाऱ्याला एक प्रश्न विचारा, कारण याच जागी खर्च दोनदा धरला जातो. जॉबवर न पडलेले ४२३ तास तुम्ही कुठे टाकणार? ते दरातच मिसळायचे असतील तर १५७.१२ घ्या. पण साफसफाई आणि वाट पाहण्याचे तास वेगळ्या कोडवर नोंदवून तो खर्च वर्कशॉपच्या वरखर्चात (कोणत्याही एका कामाच्या नावावर न पडणाऱ्या खर्चात) टाकणार असाल, तर दर हजेरीच्या तासांवर काढा. २,८८,००० भागिले २,२५६ म्हणजे १२७.६६. दोन्ही पद्धती चालतात. मात्र दर १५७ चा आणि वर तेच ४२३ तास वरखर्चातही, असं झालं की तुमची कोटेशनं महाग होतात, काम हातचं जातं आणि ते का गेलं हे कोणी सांगत नाही.

तसाच दुहेरी हिशोब यंत्राच्या दरात शिरतो. ईआरपीनेक्स्टमध्ये वर्कस्टेशनच्या ताशी दरात मजुरीचाही घटक असतो. ओडूमध्ये वर्क सेंटरला स्वतःचा ताशी खर्च असतो आणि कामगाराच्या फॉर्मवर वेगळा. मजुरी यंत्राच्या दरात घालायची की माणसाच्या, ते एकदा ठरवा आणि दुसऱ्या जागी शून्य ठेवा. एकच माणूस दोन यंत्रं सांभाळत असेल तर मजुरी माणसाकडेच ठेवलेली बरी. यंत्रांचे तास दोन्हीकडे पूर्ण मोजायचे, माणसाचा तास मात्र वाटून. सहा तास दोन यंत्रांवर उभ्या असलेल्या माणसाचे सॉफ्टवेअरमध्ये बारा तास दिसत असतील, तर वाटणीची सोय बंद आहे असं समजा.

ओव्हरटाइमसाठी पटीचा चौकोन असतो. पट किती, हे तुमच्याकडचा कायदा आणि करार ठरवतो. ती पट पगाराच्या भागाला लागते. विमा किंवा बूट ओव्हरटाइममुळे दुप्पट होत नाहीत. सॉफ्टवेअर पूर्ण दरालाच पट लावत असेल, तर ओव्हरटाइमचा दर वेगळा काढून हाताने भरा.

बिलाच्या दराबद्दल थोडक्यात. खर्चाच्या दरावर वरखर्च आणि नफा चढवून तो येतो. सॉफ्टवेअर टक्के विचारतं तेव्हा ते खर्चावरचे टक्के आहेत की विक्रीवरचे, हे पडताळा. खर्चाच्या जागी १०० आणि टक्क्यांच्या जागी २५ टाका. उत्तर १२५ आलं तर टक्के खर्चावर. १३३.३३ आलं तर विक्रीवर. माहितीपुस्तिका वाचण्यापेक्षा हे लवकर होतं.

कोटेशनला कोणाचा दर

कोटेशन देताना काम कोणाच्या हातात पडेल ते माहीत नसतं. तरी बरेच जण त्यातल्या त्यात स्वस्त माणसाचा दर धरून भाव देतात. समजा कसलेला फिटर एक काम २ तासांत करतो : १५७ च्या दराने ३१४. नवशिक्याचा दर ९० आहे, पण त्याला ४ तास लागतात : ३६०. शिवाय मध्ये दोनदा फोरमन जाऊन बघतो, ते वेगळंच. स्वस्त दराचा माणूस महाग पडला. आणि कोटेशन २ तास गुणिले ९० असं गेलं असेल, तर १८० मध्ये ते काम कोणीच करू शकत नाही.

म्हणून कोटेशनला कामाच्या गटाचा एक ठरलेला दर आणि ठरलेला वेळ वापरा, उदाहरणार्थ 'फिटिंग' किंवा 'टिग वेल्डिंग' गटाची सरासरी. काम झाल्यावर खर्च मात्र प्रत्यक्ष माणसाच्या दराने आणि प्रत्यक्ष वेळेने चढवा. मग या दोन आकड्यांतला फरक वाचता येतो. दर वाढला म्हणून फरक पडला की वेळ वाढला म्हणून, हे सुटं होतं. कामाला किमान पातळी लावायची सोय असेल तर ती इथे कामी येते : 'टिग, पातळी ३' असं लिहिलं की नवशिक्याच्या नावावर ते काम टाकताना सॉफ्टवेअर निदान हटकतं.

तारीख विसरू नका

ही चूक मी स्वतः केली आहे. पगारवाढ झाली, मी मास्टर उघडला, जुना दर पुसून नवा टाकला. दुसऱ्या दिवशी अहवाल काढला तर गेल्या वर्षीची नफ्यातली कामंही तोट्यात. सॉफ्टवेअर प्रत्येक जुन्या तासाला आजचा दर लावून हिशोब करत होतं. जुने दर कुठे लिहून ठेवले नव्हते. पगारपत्रकं चाळत ते पुन्हा गोळा करण्यात बरेच दिवस गेले.

दराच्या नोंदीला 'लागू तारीख' देता येत असेल तर पगारवाढीच्या वेळी नवी ओळ जोडा, जुनीला हात लावू नका. तशी सोय नसेल, तर वेळ नोंदवतानाच त्या क्षणीचा दर नोंदीत गोठतो का ते तपासा. तेही होत नसेल, तर दर बदलण्याआधी चालू कामांचा अहवाल काढून साठवा आणि जमेल तितकी जॉब कार्डं बंद करा. पातळीच्या नोंदीलाही हेच लागू. २ चा ३ झाला तर २ पुसू नका. तो कधी ३ झाला हे पुढे कोणीतरी विचारणारच.

वेळेची नोंद

दर कितीही अचूक काढलात तरी तास चुकीचे आले की सगळं वाया. सगळ्यात नेहमीची चूक दशांशाची : दीड तासासाठी कामगार १.३० लिहितो आणि सॉफ्टवेअर त्याला १.३ तास समजतं. बारा मिनिटं हवेत गेली, एका नोंदीत. दीड तास म्हणजे १.५, सव्वा तास १.२५, ६ मिनिटं म्हणजे ०.१. हे शॉप फ्लोअरवर लिहून लावा, किंवा सुरू-बंदची बटणं असलेली पद्धत वापरा, म्हणजे आकडा लिहायची वेळच येत नाही. सेटिंग आणि प्रत्यक्ष उत्पादन यांचे तास वेगळे घ्या. दहा नगांच्या कामात सेटिंगचे दोन तास फार असतात, हजार नगांच्या कामात काहीच नसतात.

कोणाला काय दिसावं

खर्चाच्या दरावरून पगार कोणीही उलटा काढू शकतो. म्हणून तो रकाना मालक, अकाउंट्स आणि फार तर कोटेशन काढणारा यांनाच दिसू द्या. कौशल्यं फोरमनला दिसलीच पाहिजेत, बदलताही आली पाहिजेत. परवानग्या दिल्यावर सुपरवायझरच्या लॉगिनने स्वतः आत जाऊन बघा. जॉब कार्डच्या छापील प्रतीवरही दर उमटत नाही ना, ते पाहा. स्क्रीनवर लपवलेला रकाना प्रिंटमधून हसत बाहेर येतो, हे मी एकदा नव्हे, बऱ्याचदा पाहिलंय.

सगळ्यांची माहिती भरण्याआधी

तीनच माणसं भरा : एक कसलेला, एक नवशिका आणि एक दोन यंत्रं सांभाळणारा. 'चाचणी' नावाचं खोटं काम उघडा. कसलेल्याचे २ तास, नवशिक्याचे ४ तास, तिसऱ्याचे दोन यंत्रांवर मिळून ३ तास आणि १ तास ओव्हरटाइम टाका. खर्च कागदावर काढा, मग सॉफ्टवेअरचा बघा. पैशापर्यंत जुळला पाहिजे. नाही जुळला तर वरच्या कुठल्या जागी गळती आहे ते फरकाच्या आकड्यावरूनच बहुधा कळतं : फरक ओव्हरटाइमच्या वाढीव भागाएवढा असेल तर पटीचा घोळ, तिसऱ्याच्या ३ तासांच्या मजुरीएवढा असेल तर वाटणी बंद. त्यानंतर एकाचा दर बदलून पाहा आणि काम पुन्हा उघडा. जुना आकडा हलला, तर तारखेची सोय चालू नाही. हे सगळं पार पडलं की मग बाकीच्या माणसांची यादी आत घ्या, आणि ते खोटं काम रद्द करायला विसरू नका. नाहीतर महिनाअखेरीच्या अहवालात ते अर्धवट काम म्हणून तसंच बसून राहतं.